अद्रकाची आंघोळ

अकोल्याच्या बाजारात माझं अद्रकाचं दुकान आहे. हातगाडीपासून सुरुवात करून मी ते उभं केलं. माझा माल घासून धुतलेला, चकचकीत असतो याचा मला अभिमान होता. तो एका बाईनं भर गर्दीत उतरवला.

ती घरी अद्रकाचा सोडा करून विकते. अद्रक सालीसकट किसून साखरपाण्यात दोन-तीन दिवस ठेवते आणि बुडबुडे आले की लिंबू पिळून बाटल्या भरते. तिचं बोलणं सावकाश. भाव ती करतच नाही. मी दर सांगितला की "बरं" म्हणते आणि तिथंच उभी राहते. शेवटी मीच खाली येतो.

एकदा म्हणाली, "भाऊ, तुमच्या अद्रकाले फसफस येत नाही."

मी तडकलो. "बाई, तुमाले सोडा जमत नाही, त्याले माझं अद्रक काय करणार?"

आठवड्यानं तिनं माझ्या गल्ल्यावर दोन बाटल्या ठेवल्या. माझ्या अद्रकाची उघडली, तर आत नुसतं साखरपाणी. शेजारच्या दुकानातल्या मातकट अद्रकाची उघडली, तर फेस तिच्या बांगड्यांपर्यंत आला.

"फसफस सालीवरच्या खमिरातून येते, भाऊ, घासून धुतलं की ते जाते. तुमी तर अद्रकाले लग्नाची आंघोळ घालून राहिले."

गिऱ्हाइकं हसली. तो राग अजून गेलेला नाही. तरी आता एक पोतं मी न धुता वेगळं ठेवतो. दर बुधवारी ती येते, नखानं साल खरवडून बघते, आणि ती मान डोलवेपर्यंत मी दर सांगत नाही.