सिमकार्डाचा मुहूर्त

गेलं वर्षभर मी यजमानांशी संडासाच्या दारात उभा राहून बोलत होतो. खोटं कशाला सांगू? वाईतल्या आमच्या घरात माझ्या मोबाईलला रेंज यायची ती फक्त तिथे. देवघरात शून्य, पडवीत एक दांडी, आणि संडासाच्या दारात चक्क तीन. लोकांच्या लग्नतिथी, वास्तुशांतीच्या वेळा, बारशाची अक्षरं, सगळं मी तिथूनच दिलं. विनोदिनी, म्हणजे आमची सौ., म्हणायची, "मुहूर्त कुठून निघतायत हे यजमानांना कळलं ना, तर पूजेआधी तुम्हालाच अंघोळ घालतील."

सांगलीला दिलेली आमची लेक वल्लरी फोनवर ओरडायची, "बाबा, कंपनी बदला हो! नंबर तोच राहतो. पोर्ट म्हणतात त्याला. ह्यांच्या कुपवाडच्या कारखान्यात सगळ्यांनी करून घेतलं. शेंबडं पोरही करतं."

आता शेंबडं पोर करतं म्हटल्यावर मधुगुरुजींनी, म्हणजे अस्मादिकांनी, ते कसं करावं? माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, सोवळं नेसणारा, तीन पंचांगं उशाशी घेऊन झोपणारा. मी म्हटलं, बघू.

सरळ नवा नंबर घेऊन मोकळा झालो असतो. पण हरणाबाई होती.

हरणाबाई म्हणजे खंडाळ्याकडच्या एका वाडीतली पंच्याहत्तरीची म्हातारी. मुलगा-सून मागे राहिले नाहीत, नातू अर्जुना तिनेच वाढवला आणि तो लष्करात गेला. तिला अक्षर वाचता येत नाही, पण माझ्या नंबरचे दहा आकडे ओवीसारखे तोंडपाठ. अर्जुनाची सुट्टी संपली की तिचा फोन ठरलेला. "आवं गुरुजी, पोराला कवा भाईर काढू?" मी पंचांग उघडणार, ठसक्यात वेळ सांगणार आणि फोन ठेवणार. अर्ध्या मिनिटाचं काम. आठ वर्षं हे चाललं होतं.

आणि ह्या अर्ध्या मिनिटावर मी गावभर मिरवत होतो. घाटावर कुणी भेटलं की सांगायचो, "सीमेवरचा जवान माझ्या शब्दाशिवाय उंबरा ओलांडत नाही." ऐकणाऱ्याला दोन वेळा ऐकवायचो.

या खेपेला अर्जुना पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी परत जाणार होता. त्या दिवशी माझा फोन लागला नाही तर काय? म्हातारी पोराला उंबऱ्याच्या आत धरून बसणार. पुण्याची गाडी चुकणार. हजेरीला उशीर, मग शिक्षा. माझ्या डोळ्यांसमोर अर्जुना बंदूक डोक्यावर धरून मैदानाला चकरा मारताना दिसायला लागला. म्हणून ठरवलं, नंबर हाच ठेवायचा आणि गुरुवारच्या आत सगळं उरकायचं. वेळ भरपूर होता. आठ दिवस म्हणजे काय थोडे झाले?

बुधवारी त्रयोदशी होती. चांगली वेळ बघून, गणपतीला दूर्वा वाहून मी तो मेसेज पाठवला. आधी 'पोर्ट', मग जागा सोडून आपला नंबर, आणि एकोणीसशेवर धाडायचा. लगेच आठ अक्षरांचा कोड आला. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. मुदत चार दिवस.

आता तुम्ही असता तर दुसऱ्या दिवशी दुकानात गेला असता. दुसऱ्या दिवशी चतुर्दशी. रिक्ता तिथी, नव्या कामाला वर्ज्य. नंतर अमावास्या, तीही शनिवारची. मग प्रतिपदा, चंद्र अगदीच अशक्त. सोमवारी द्वितीया मात्र झकास! मी बोटं मोजली: चतुर्दशी, अमावास्या, प्रतिपदा, द्वितीया. बरोब्बर चार. देवाचीच योजना, असं विनोदिनीला म्हणालोसुद्धा. ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

सोमवारी दहाला, कपाळाला गंध लावून, स्टॅंडसमोरच्या दुकानात हजर झालो. दुकान रेश्माचं. तिच्या लग्नाचा मुहूर्त मीच काढला होता, त्यामुळे ती उठून उभी राहिली. तिने कोड बघितला आणि खाली बसली.

"गुरुजी, हा कोड गेला."

"कुठे गेला?"

"संपला. काल रात्री."

"असा कसा संपेल? चार दिवसांची मुदत आहे. चतुर्दशी, अमावास्या, प्रतिपदा आणि आजची द्वितीया. मोज की!"

"गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार," ती म्हणाली. "आता तुम्ही मोजा."

मी पुन्हा बोटं मोजली आणि दुसऱ्याच बोटावर अडकलो. चतुर्दशीची वृद्धी होती! गुरुवारी सूर्योदयाला चतुर्दशी आणि शुक्रवारी सूर्योदयालाही तीच. दोन दिवस, तिथी एक. चाळीस वर्षं मी लोकांना बजावतोय की वृद्धी तिथी आली की नीट बघा, एक दिवस हुकतो. दुसऱ्यांच्या श्राद्धांचे घोळ निस्तरणारा मी, स्वतःच्या मोबाईलपायी आडवा झालो.

"कंपनी पंचांग पाळत नाही, गुरुजी," रेश्मा शांतपणे म्हणाली. "आता परत मेसेज करा. इथंच. माझ्यासमोर. वेळ-बिळ बघायची नाही."

मी मुकाट्याने केला. मग आधार, मग फोटो, मग त्या यंत्रावर अंगठा. तर अंगठा लागेना. जन्मभर चंदन उगाळून माझ्या अंगठ्याच्या रेषाच झिजल्यात. रेश्माने तो ओल्या फडक्याने पुसला, फुंकर मारली, चार वेळा दाबला. मागे उभा असलेला एक गडी म्हणाला, "गुरुजी, मंत्र मारा की!" पाचव्यांदा लागला एकदाचा.

तिने नवं सिम पाकिटात घालून दिलं. "गुरुवारी जुनं बंद पडेल. पडलं की लगेच हे घाला. लगेच, गुरुजी. ऐकलं ना?"

गुरुवार! म्हणजे नेमका अर्जुनाचा दिवस. पहिल्याच दिवशी गेलो असतो तर केव्हाच काम झालं असतं. म्हटलं जाऊ दे, मधे फोन बंद राहणार तो दोन तासांचाच तर प्रश्न आहे.

गुरुवारी सकाळी दर दहा मिनिटांनी संडासाच्या दारात जाऊन रेंज बघत होतो. विनोदिनीने विचारलं, पोट बिघडलंय का. दुपारी जेवायला बसलो आणि जेवून उठतो तो रेंज गायब. जुनं सिम गेलं. हात पुसले, पाकीट उघडलं, विनोदिनीच्या पोलक्याची टाचणी घेतली आणि सवयीने घड्याळाकडे बघितलं. एक वाजून बत्तीस मिनिटं. गुरुवारी दीड ते तीन राहुकाळ.

मी टाचणी खाली ठेवली.

"अहो, घाला ते," विनोदिनी म्हणाली.

"राहुकाळात नवं काही सुरू करत नाहीत."

"नवं कुठंय त्यात? नंबर तर जुनाच आहे!"

याला शास्त्रात उत्तर सापडेना. मग माझ्यासारखा माणूस करतो तेच मी केलं. पंचांग उघडलं आणि सिम घातलंच नाही. दीड तास झोपाळ्यावर बसून होतो, मनात हरणाबाई घोळत होती, तिचा नातू उंबऱ्यात ताटकळत होता, आणि ते सिम समोर पाटावर ठेवलेलं होतं. इतका गाढवपणा मी आयुष्यात केला नव्हता, आणि करत असताना मला तो दिसतही होता.

तीन वाजून एक मिनिटाने सिम घातलं. थोड्या वेळाने देवघरात चार दांड्या उभ्या राहिल्या! आनंद व्हायला हवा होता. मी हरणाबाईला फोन लावला. तिचा फोन बंद. संध्याकाळी लावला, बंद. झोपताना लावला, बंद. झालं! म्हातारी वाट बघून थकली, पोराची गाडी चुकली, आणि याला जबाबदार मी. रात्री डोळ्याला डोळा नाही.

शुक्रवारी सकाळी पहिल्या एसटीने खंडाळ्याला गेलो, तिथून वडापच्या जीपने वाडीला. वेळ-काळ काही बघितला नाही, असा मी घराबाहेर पडलो तो बहुतेक पहिल्यांदाच.

हरणाबाई दारात शेंगा फोडत बसली होती. मला बघून दचकलीच. "आवं गुरुजी! हिकडं कुठं?"

"अर्जुना कुठंय?"

"त्यो? काल दुपारीच गेला की. दीडच्या गाडीनं."

मी ओट्यावर बसलो. "मग फोन का बंद?"

"चारजिंग त्योच करतुया. त्यो गेला की दोन दिसांत मरतंय ते डबडं. काल तुमाला लावून लावून संपलं बगा. धा-अकरा डाव लावला आसंल. लागंचना."

"हो ना! माझीच चूक, मावशी. पोरगा मुहूर्ताशिवाय गेला..."

ती हसायला लागली. तोंडात दात चार, पण मोकळं हसली. "आवं, सरकारी गाडी मुहूर्ताला थांबती व्हय? त्यो ज्या टायमाला निगायचा त्याच टायमाला निगतुया. कायम."

"कायम? मग तुम्ही मला विचारता ते?"

"त्यो गेल्यावर इचारती."

मला कळेना. म्हणजे आठ वर्षं मी ज्या पोराची वेळ काढून देत होतो, तो तेव्हा कधीच गाडीत बसलेला असायचा?

हरणाबाईने शेंगांचं सूप बाजूला सारलं. आता ती हसत नव्हती.

"त्यो वळणाच्या पल्याड गेला, दिसंना झाला, का मला घरात पाय टाकू वाटत न्हाई. घर खायला उठतंय. हितं शेजारी सांगावं तर बाया रडत्यात, मग मीबी रडती. तुमाला फोन लावला का तुमी पंचांग उगडता, तिथी सांगता, नक्षत्र सांगता. मला त्यातलं कायबी कळत न्हाई. पन मानसाचा आवाज कानात आसतुया, तवर मी आत जाऊन चुलीम्होरं बसती. येकदा बसलं का मग जमतंय. काल लय येळ भाईरच बसले."

तिला आत जायला सोबत म्हणून माझा आवाज हवा होता, आणि मी अर्ध्या मिनिटात फोन ठेवत होतो. वर त्याचा गावभर डंका पिटत होतो. मला माझी इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. काल ती दारात बसून दहा-अकरा वेळा तेच दहा आकडे दाबत होती, आणि मी झोपाळ्यावर बसून राहू कधी जातो याची वाट बघत होतो.

"च्या टाकू का?" ती म्हणाली. "का जायची घाई हाय?"

"घाई नाही," मी म्हणालो आणि चपला काढून तिच्या आधी आत गेलो. चुलीपाशी एक पाट होता तो ओढून बसलो. ती मागोमाग आली, जाळ सारला, आधण ठेवलं. आठ वर्षांत मी तिला कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"मावशी, अर्जुना लहानपणी कसा होता हो?"

ती सांगायला लागली. चहा दोनदा उकळला, दुपारचं वडाप वाडीवरून हॉर्न वाजवत निघून गेलं, आणि आम्ही अजून त्याच्या पहिलीच्या वर्गातच होतो.