भाऊंचं एका सीटचं विमान

तीन रिकामटेकडी माणसं रोज एका शेडमध्ये जमली की काम कमी होतं आणि किस्से वाढतात. आम्ही तर विमान बनवत होतो!

सुभाषभाऊ, जळगावचे निवृत्त फिजिक्सचे सर. रशीदभाई, नशिराबादचे सुतार. आणि मी, पाना शोधून देणारा. विमान म्हणजे मोटर ग्लायडर. इंजिनच्या जोरावर वर जायचं, मग ते बंद करून घारीसारखं तरंगायचं. भाऊंनी आराखडे विकत आणले होते, बाकी सगळं आम्हीच बनवायचं.

*

भाऊंनी घरी हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, एवढंच विचारलं, "सीटा किती?"

"एकच."

अक्का मेथी निवडत म्हणाल्या, "मग पेट्रोलची टाकी मोठी बसवा, लांब जाल!"

*

पंखाच्या पट्ट्या पाहून रशीदभाई हबकले. "एवढं पातळ लाकूड? मी शोकेसलाही वापरत नाही!"

"विमान हलकं हवं, रशीदभाई."

"मग भाऊ, तुम्ही हलके व्हा ना!"

भाऊंची शेवभाजी त्या दिवशी सुटली. महिन्याभरानं वजन करायला आम्ही त्यांना शेजारच्या केळीच्या व्यापाऱ्याकडे वजनकाट्यावर बसवलं. व्यापाऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. "घड मोठा शे, पन पिकेल शे!" पिकेल, म्हणजे आमच्याकडे पिकलेला.

*

गावातले एक आबा शेडमध्ये आले. विमानाला फेरी मारून म्हणाले, "फवारणी करी का?"

"नाही, आबा."

"मंग काय करी?"

"उडेल."

"ते त बगळाबी उडस!" आबा निघून गेले.

*

परवानगीसाठी एका कार्यालयात फॉर्म भरला. साहेबांनी तो परत केला. "चालक एक, प्रवासी एक. एकूण दोन. सीट मात्र एक. त्रुटी आहे!"

"साहेब, चालक तोच प्रवासी."

"मग सही दोनदा करा."

भाऊंनी दोनदा केली.

*

परवानग्या यायला दोन वर्षं लागली. तेवढ्या काळात भाऊ रीतसर विमान उडवायला शिकले. शेवटी धुळ्याकडच्या एका धावपट्टीवर, सकाळच्या शांत हवेत, ते एकटे वर गेले. "पहिल्या दिवशी इंजिन बंद करणार नाही," असं त्यांनी अक्कांना कबूल केलं होतं.

दहा मिनिटांनी आवाज थांबला.

अक्कांनी माझा दंड धरला. रशीदभाई दोन्ही हात पसरून आभाळाकडे बघत मोठ्यानं दुआ मागू लागले. पांढरं विमान आवाज न करता एक घिरटी घेऊन आमच्या डोक्यावरून खाली आलं, टेकलं आणि धावत जाऊन थांबलं.

भाऊ उतरले. चेहरा दहावी पास झाल्यासारखा!

"मीच बंद केलं इंजिन. राहवलं नाही," ते म्हणाले. "खाली येताना तुमचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. रशीदभाई, 'या अल्ला, पंख सांभाळ' म्हणालात. माझं नावसुद्धा नाही?"

रशीदभाईंनी डोळे पुसले.

"भाऊ, तुम्हाला त्यानं बनवलंय, तुमचं तो बघेल. पंख मी बनवलेत!"