वालबुर्गा आणि पलटणीचं निशाण

सिनसिनाटीच्या कालव्यापलीकडे, जर्मन वस्तीत, वालबुर्गा ही बाई चर्चसाठी भरतकाम करायची. पाद्र्यांचे झगे, वेदीवरची वस्त्रं. अमेरिकेत उत्तर-दक्षिणेची जुंपली, वस्तीतल्या माणसांची एक पलटण उभी राहिली आणि पलटणीला निशाण हवं म्हणून बायकांची समिती तिच्या दारात आली. तिथून तिच्या डोक्याला ताप सुरू झाला.

समितीच्या प्रमुख फिलिपिना श्टांग, बिअरच्या भट्टीच्या मालकीणबाई. त्यांना निळ्या रेशमावर पंख पसरलेला गरुड हवा होता. तो रंगवून होतोय तोवर गायनमंडळ म्हणालं, आमच्या चिन्हातली वीणा कुठाय? मग व्यायामशाळेवाल्यांना आपलं घोषवाक्य हवं झालं. ते जर्मनमध्ये की इंग्रजीत, यावर महिनाभर भांडणं. शेवटी दोन्ही भाषांत.

"बाई, एवढा रंग चढवला तर रेशमाचा पुठ्ठा होईल," वालबुर्गा म्हणाली. "घडीवर तडकेल. वाऱ्यात फाटेल."

"तू हात चालव गं. चित्राचं आम्ही बघतो."

निशाण धरायला पलटणीतला सगळ्यात उंच माणूस निवडला. तो निघाला वालबुर्गाचाच नवरा, किलिअन.

"तू?" ती म्हणाली. "अरे, शिडी न्यायला सांगितली तर शेजाऱ्यांची खिडकी फोडून येतोस!"

"आता नाही कसं म्हणू, वाली? सगळ्यांसमोर नाव घेतलं माझं."

पानगळीच्या सुमारास किलिअन परत आला तो मांडीत गोळी घेऊन, लंगडत. सोबत निशाणाची गुंडाळी, दुरुस्तीला. त्याच्या आधी त्याची कीर्ती पोचली होती. मक्याच्या शेतातल्या लढाईत पलटण मागे हटत होती, तेव्हा किलिअन निशाण घेऊन एकटा शत्रूवर चालून गेला, त्याच्यामागे सगळे वळले आणि शत्रू ज्याच्या आड होता ते कुंपण जिंकलं, असं वर्तमानपत्रात आलं होतं.

वालबुर्गाने गुंडाळी उलगडली. गरुडाच्या जागी नुसतं भगदाड. रंगाच्या कडेने रेशीम चरचर फाटलेलं.

"मी चालून गेलो नव्हतो," किलिअन म्हणाला. "मागे फिरा असा हुकूम होता. वाऱ्याने तुझं ते जड रेशीम माझ्या तोंडाभोवती गुंडाळलं. काही दिसेना. मला वाटलं मी मागेच चाललोय. फडकं सुटलं, बघतो तर समोर कुंपण, आणि आपली पोरं माझ्यामागे धावत येतायत. किती पडली, वाली. आपल्या वस्तीतला आंब्रोस पडला."

"माझं रेशीम?" ती ओरडली. "मी सांगत होते ना त्या बाईला! घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होते!" मग तिने त्याच्याकडे पाहिलं. तो चेहरा झाकून बसला होता. तिने त्याच्यापुढे सूप ठेवलं आणि चमचा जरा जोरातच आपटला.

सत्कार बिअरच्या भट्टीच्या दिवाणखान्यात झाला. किलिअन उभा राहिला आणि सरळ म्हणाला, "मी मागे हटत होतो. मला दिसत नव्हतं."

श्टांगबाईंनी डोळे टिपले. "याला म्हणतात विनय!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. किलिअन पुन्हा पुन्हा सांगत राहिला आणि लोक पुन्हा पुन्हा टाळ्या वाजवत राहिले. वालबुर्गाच्या मनात आलं, आता एकेकाच्या कानाशी जाऊन किंचाळावं.

वर श्टांगबाईंनी फर्मान काढलं, "नवीन निशाण कर. तसंच. गरुड जरा मोठा, आणि लढाईचं नाव सोनेरी अक्षरात."

"नाही करणार."

"म्हणजे?"

"तुम्हाला भिंतीवर लावायला चित्र हवंय. या माणसांना धुरात एकमेकांना शोधायला कापड हवंय. गरुड हवा तर दुसऱ्याकडून रंगवून घ्या."

श्टांगबाईंनी तसंच केलं. तोवर वालबुर्गाने घरी हलकं, लहान निशाण शिवलं. वर निळा पट्टा, खाली पांढरा, मध्ये पलटणीचा आकडा, बस्स. एकही थेंब रंग नाही. किलिअन जखमी पाय स्टुलावर ठेवून कापडाची कड ताणून धरायचा. एकदा न विचारता म्हणाला, आंब्रोसच्या आईकडे जाऊन आलो, तिने ऐकून घेतलं, टाळ्या नाही वाजवल्या.

पलटणीच्या अधिकाऱ्याने दोन्ही निशाणं हातात तोलून पाहिली आणि वालबुर्गाचं नेलं. गरुडाचं दिवाणखान्यात टांगलं गेलं.

युद्ध संपल्यावर नवा निशाणवाला, बाल्टासार नावाचा सुतार, वालबुर्गाचं निशाण परत द्यायला आला. कापड विटलं होतं, गोळ्यांची भोकं होती, पण कुठेही उसवलं नव्हतं. वालबुर्गा शिवणीवरून बोट फिरवत राहिली.

"चांगलं टिकलं हो," बाल्टासार म्हणाला. "फक्त आकडा थोडा मोठा काढायला हवा होता. लांबून वाचता यायचा नाही."

वालबुर्गाने डोळे मिटून एक लांब श्वास सोडला.

"किलिअन," ती म्हणाली, "याला जेवायला वाढ. मी जरा बाहेर जाऊन येते."