आमच्या घराची फळी

बायकोला माझा पगार ठाऊक आहे, रक्तातली साखर ठाऊक आहे. हे ठाऊक नाही. कुणालाच नाही — तुम्ही पहिले.

महाळुंग्याच्या पलीकडे आमच्या गावात ओढ्यावर सागवानी पूल आहे, पणज्यांच्या काळातला. आता तिथे वारसा म्हणून पाटी लागलीय, वाकडची पोरं-पोरी फोटो काढायला येतात. पुलाची एकेक फळी एकेका घराची. पाऊस सरला की आपली फळी उचलायची, उलटी करून बघायची, करंजाचं तेल पाजायचं. कुजली असेल तर नवी बसवायची.

त्या वर्षी माझा ओव्हरटाइम चालू होता. पण खरं सांगू? कंटाळा आला. कंपनीतून जळकं ऑइल आणलं आणि फळी न उचलताच वरून फासलं. काळीभोर, चकचकीत दिसली. लोकांनी वाखाणली, मीही ऐकून घेतलं.

आठवड्यात ती मोडली. शेजारच्या सरूआत्याचा पाय मांडीपर्यंत आत गेला. तिला वर ओढलं ज्ञानोबानं — लातूरकडचा, आमच्याच खोलीत भाड्यानं राहणारा. त्याची मोटारसायकल तिथेच उभी होती. रोज तो ती पुलावरून ढकलत न्यायचा. गाव जमलं आणि सगळ्यांच्या नजरा गाडीवर खिळल्या — तिच्याच वजनानं फळी मोडली म्हणून. बिचाऱ्यानं मोडका तुकडा उचलून माझ्यापुढे धरला — मी घरमालक, त्याची बाजू घेईन म्हणून.

"दादा, फळी खालनं कुजलीया. बघा की."

तो तुकडा हिसकावून मी त्याच्या तोंडावर हाणला. राग आला होता? छे — भीती, दुसरं काही नाही. तो पुन्हा बोलायला गेला, मी पुन्हा हाणला. जबडा मोडलेला मला हाताला कळला. मग बाकीचे तुटून पडले — लाथा, काठ्या, एकानं तर दगड घातला. तेवढ्यात मी तुकडा ओढ्यात भिरकावला.

मी मारलं, हे गावानं पाहिलं. का मारलं, ते नाही. पुलावर जीव आहे गड्याचा, असं माझ्याबद्दल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. पहिला हात कुणाचा, हे त्याच्या बायकोला अजून कळलं नव्हतं. तिनं मला बसायला स्टूल दिलं.

"तुमी तरी आलात, दादा."

ज्ञानोबा माझ्याकडे बघत होता. जबडा तारेनं बांधलेला — त्याला बोलता येत नव्हतं. मला हायसं वाटलं.