बडीशेप ठेवली की पाठ फिरवायची

दस्तगीरचाचांचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. सोलापूरच्या एसटी स्टँडमागे एका खानावळीत ते वाढपी आहेत. मी आठवीतून शाळा सोडलेला, आपल्या देवगडकडचा. आज हैदराबादच्या एका मोठ्या हॉटेलात कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा मुकादम, म्हणून उभा राहतो, तो त्यांच्यामुळे. अंगावरचा काळा कोट हॉटेलचा आहे, पण तो घालून गिऱ्हाइकासमोर कसं उभं राहायचं आणि कधी तिथून निघायचं, ते चाचांनी शिकवलं.

जत्रेला मी दरवर्षी थेट गावाला येतो. यंदा वाटेत सोलापूरला उतरलो, कारण खानावळीच्या मालकांचा मुलगा बसवराज याचा फोन आला होता. "चाचा ह्या महिन्यापुरतंच हायेत बघ. गुडघं लई दुखायलेत. यायचं असंल तर आत्ता ये, नंतर म्हणू नको सांगितलं न्हाय."

मला चाचांना भेटायचं होतंच, पण त्याहून एक गोष्ट जास्त करायची होती. मला त्यांच्या टेबलावर गिऱ्हाईक म्हणून बसायचं होतं, पोटभर जेवायचं होतं आणि बडीशेपेच्या ताटलीत त्यांच्यासाठी टिप ठेवून निघायचं होतं. इतकी वर्षं मी लोकांकडून टिप घेत आलो. ज्याच्यामुळे ती मिळते, त्या माणसाला मात्र मी कधीच दिली नव्हती. त्याच खानावळीत त्यांच्या बरोबरीनं काम करताना ती कशी देणार? आता महिना संपला की ते घरी बसणार. म्हणजे ही संधी गेली की गेलीच.

त्यासाठी एक कोरी नोट वेगळी काढून शर्टाच्या खिशात ठेवली होती. गाडीत मी ती पुन्हा पुन्हा चाचपून बघत होतो. समोरच्या आजोबांनी शेवटी विचारलंच, "छातीत दुखतंय काय?"

कलबुर्गी मागे पडलं आणि उजाडलं. डिसेंबरातली थंडी, काळी जमीन, तुरीचे पिवळे पट्टे आणि कणसं धरलेली ज्वारी. आपल्याकडे नजर टाकावी तिथे डोंगर आडवा येतो. इथे नजर जाते ती जातच राहते. पहिल्यांदा आलो तेव्हा या उघड्या रानाची मला भीती वाटली होती. यंदा खिडकीची काच वर करून बघत बसलो. होटगी आल्यावर उगाचच बॅग काढून दारात जाऊन उभा राहिलो. सोलापूर यायला अजून वेळ होता.

स्टेशनबाहेर चहा घेतला आणि रिक्षा केली. खानावळ इतक्या सकाळी उघडत नाही, म्हणून रिक्षावाल्याला म्हटलं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतून एक फेरी मारून आण.

"तितं काय बघायचंय?" त्यानं विचारलं. "सिद्धेश्वराला चला की. लोक तितं जातात."

"माग बघायचेत."

"माग?" त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. "माग बघायला पैशे देणारा पयलाच भेटला."

एमआयडीसीत शिरल्यावर तो आवाज आला. खटक-खटक, खटक-खटक, शेडमागून शेड. सायकली आणि मोटारसायकली दारासमोर लावलेल्या. टॉवेलच्या गाठी टेम्पोत चढत होत्या. एकोणीस वर्षांचा असताना गावच्या एका ओळखीवर मी इथे यंत्रमागावर कामाला आलो होतो. त्या आवाजात मी आठवडाभरही टिकलो नाही. दिवसाचं काम सुटलं तरी कानात माग चालूच राहायचे. आईला फोनवर 'छान चाललंय' म्हणायचो आणि फोन ठेवला की रडायचो. आता रिक्षात बसून ऐकताना तोच आवाज बरा वाटला, अगदी घरच्या जात्यासारखा. माणसाचं काही कळत नाही.

तिथेच एका दुकानात आईसाठी चादर घेतली. दुकानात बसलेल्या मावशी आतल्या माणसाशी तेलुगूत बोलत होत्या. 'हा काही घेणारा दिसत नाही, नुसता हात लावतोय,' असं काहीतरी. हैदराबादच्या कृपेनं मला आता ती भाषा येते. मी तेलुगूतच म्हटलं, "घेणार आहे अक्का, लाल दाखवा." त्या आधी दचकल्या, मग पोटभर हसल्या आणि खुर्ची पुढं सरकवली. मी भाव कमी करायला सांगितला.

"भाषा येते म्हणून बसायला खुर्ची दिली," त्या म्हणाल्या. "भाव सगळ्यांना एकच."

खानावळ उघडायच्या आधीच मी दारात पोचलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तीच मोरी, तीच पत्र्याची टेबलं. नवा फक्त गल्ल्याशेजारचा एक फलक: 'सेवा आवडली असल्यास इथे स्कॅन करा.'

"चाचा, तुमचा कोकण्या आलाय बघा की!" बसवराज ओरडला.

चाचा आतून आले. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. एक पाय जरा ओढत होते, पण खांद्यावरचा नॅपकीन तसाच चौघडी करून ठेवलेला. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी दंडाला धरून उभं केलं.

"आलास व्हय रे? लई वाळलास. तितं बिर्याणी नुसती वाढतोस, खात न्हाईस काय?"

"चाचा, आज मी गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं. "मला गिऱ्हाइकासारखं वाढायचं."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग नॅपकीन खांद्यावरून काढून टेबल पुसलं, खुर्ची ओढली. "या साहेब. बसा. भाकरी कडक देऊ का मऊ?"

कडक भाकरी आपल्याकडे कुणी फारशी खाल्ली नसेल. ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी वाळवलेली. हातानं मोडली की कट्ट आवाज येतो. ती आमटीत कुस्करून खायची. सोबत शेंगांची चटणी (शेंगा म्हणजे इथे भुईमुगाच्या, आपल्या शेवग्याच्या नव्हेत), उखळात कुटलेली, लालभडक, तेल सुटलेली, वर दह्याचा गोळा. पहिल्या घासाला मी पुन्हा एकोणीस वर्षांचा झालो.

त्या दिवशी मी माग सोडून स्टँडवर बसलो होतो. गावाला तोंड कसं दाखवायचं कळत नव्हतं. भूक लागली म्हणून इथे शिरलो. जेवण झालं आणि मी ताट उचललं, मोरीवर नेलं आणि घासायला लागलो. आपल्या घरात ज्यानं जेवायचं त्यानंच ताट उचलायचं, हा आईचा दंडक. हॉटेलात तसं करायचं नसतं हे मला कुठे माहीत? सगळी खानावळ हसली. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "ताट उचलणारं गिऱ्हाईक पयल्यांदाच बघतोय. काम पायजे काय रे?"

तेव्हापासून मी कोकण्या.

पहिल्या दिवसांत मी बिल आणि बडीशेप ठेवून टेबलाजवळच उभा राहायचो, दात काढून. एकदा सिव्हिल हॉस्पिटलात कुणाला तरी बघायला आलेलं एक जोडपं जेवायला बसलं होतं. बिल दिल्यावर तो माणूस माझ्याकडं बघून खिसे चाचपायला लागला. बाई पदराची गाठ सोडायला लागली. चाचांनी माझा खांदा धरून मला आत नेलं. रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "बडीशेप ठिवली की पाठ फिरवायची. आपण बघत उभं राह्यलो की माणसाला लाज वाटती. पाठ फिरवली की तो मोकळा. द्यायचं तर मनानं देतो, न्हाय दिलं तर मान वर करून जातो. आन उद्या परत जेवायला येतो."

हैदराबादला आता गिऱ्हाइकाच्या हातात कार्डाचं यंत्र द्यावं लागतं. त्यावर टिप किती, हा प्रश्न येतो आणि तो दाबेपर्यंत मी समोर उभा. मी तेवढा वेळ छताकडं बघतो. मॅनेजर म्हणतो, गिऱ्हाइकाकडं बघून हस. मला ते अजून जमलेलं नाही.

एवढ्यात शेजारच्या टेबलावर वाद सुरू झाला. विम्याची बॅग घेऊन बसलेल्या एका गृहस्थांनी तो फलक वाचला होता.

"काय ओ बसवराज, जेवणाचं वेगळं आणि वाढायचं वेगळं?"

"जबरदस्ती न्हाय हो साहेब."

"पण का द्यायचं? पगार मालकानं द्यावा. आमच्या खिशातनं कशाला?"

त्यांच्या समोर बसलेला टेम्पोवाला घास गिळून म्हणाला, "द्यावं की! घरात बायको वाढती तर आपण निदान छान झालंय म्हणतो का न्हाय?"

"तुमी म्हणता व्हय?"

"न्हाय म्हणत," टेम्पोवाला म्हणाला, "म्हणून तर हितं जेवायला लागतंय."

सगळे हसले. विमावाले माझ्याकडं वळले. "तुमी सांगा पावणं. द्यावी का न्हाय?"

"मी... मीच वाढपी आहे हो."

"मग झालंच! तुमी द्याच म्हणणार!"

मी तसं म्हटलं नाही. मला काय वाटतं ते तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. विमावाल्यांचं खरं आहे. घरभाडं आणि पोरांची फी टिपेवर अवलंबून असू नये, ते मालकाचं काम. तसं असलं की गिऱ्हाईक दिसतच नाही, त्याचा खिसा दिसतो. पण टेम्पोवाल्याचंही खरं आहे. कुणीतरी आपल्याला गरम भाकरी मिळावी म्हणून चार वेळा आत-बाहेर केलं, ते आपल्याला दिसलं, एवढं सांगायची काहीतरी सोय हवी. ती सोय सक्तीची झाली की संपली.

"चाचा, तुमी सांगा की," बसवराज म्हणाला.

चाचा आमटी वाढत होते. "ज्यानं त्यानं ठरवावं. आपण ताट बघावं, खिसा बघू ने," एवढंच बोलले आणि आणखी भाकरी आणायला आत गेले.

माझं जेवण झालं. चाचांनी बिल आणलं, बडीशेपेची ताटली ठेवली, "थँक्यू साहेब" म्हणाले आणि पाठ फिरवली. खिडकीकडे तोंड करून ते पाण्याचे जग भरायला लागले. ती पाठ आता वाकली होती. मी नोट काढली, बडीशेपेखाली सरकवली. झालं एकदाचं, असं वाटलं. आता उठायचं आणि न बोलता निघायचं.

मी उठलो, ताट उचललं, वाट्या ताटात ठेवल्या, पेल्यातलं उरलेलं पाणी ताटात ओतलं, मोरीवर जाऊन ताट ठेवलं, परत येऊन टेबलावर सांडलेली चटणी पुसली. मग मागून हसण्याचा आवाज आला.

चाचा जग हातात धरून उभे होते. "काय केलंस रे?"

माझ्या हातात त्यांचाच नॅपकीन होता. कधी उचलला ते मलाही कळलं नाही.

"चाचा, सवयीनं..."

"सवयीनं असू दे न्हायतर कशानं. ताट उचललंस की न्हाय? टेबल पुसलंस की न्हाय?" त्यांनी ताटलीतली नोट उचलली, बडीशेप झटकली आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातली. "मग तू कसलं गिऱ्हाईक? तू स्टाफ. स्टाफकडनं टिप घेत न्हाय आमी. खानावळीचा नियम हाय, तुला म्हाईत हाय."

"चाचा, तुम्ही महिनाभरानं जाणार. पुन्हा कधी देऊ?" माझा आवाज फुटला. "एवढं तर घ्या."

"नक्को बाबा." त्यांनी माझ्या खिशावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. "इतक्या वर्षांत लई जणांनी ताटलीत ठिवलं. ताट कुणी उचललं न्हाय."

मग बसवराज म्हणाला, "ए कोकण्या, कोल्हापूर गाडीची वेळ झाली. रडायचं असलं तर गाडीत रड, खिडकीची जागा धर." चाचांनी आत जाऊन वर्तमानपत्रात बांधलेल्या कडक भाकरी आणि चटणीची पुडी आणली, माझ्या बॅगेत कोंबली. "आईला दे. मोडू देऊ नको." म्हणजे द्यायला गेलो आणि आणखी घेऊनच निघालो.

सांगोला, मिरज, कोल्हापूर. सगळ्या प्रवासात ती पुडी मांडीवर धरून बसलो. फोंडा घाट उतरताना दमट वारा अंगाला लागला, झाडं जवळ आली, नजर पुन्हा डोंगरावर अडली. एरवी मला घाट उतरताना आनंद होतो. यंदा मागचं ते सपाट रान डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

घरी आईनं पुडी सोडली. वरच्या दोन भाकरी मोडल्या होत्या, बाकीच्या शाबूत. तिनं एक तुकडा चटणी लावून खाल्ला, मग आणखी एक. मी तिला सगळं सांगितलं.

सगळं ऐकून ती म्हणाली, "तुझ्या चाचान समुद्र बघललो आसा?"

"नाही. ते सोलापूरच्या बाहेर फारसे गेलेच नाहीत."

"मगे पैशे कित्याक घेवन गेललंस? तेका हय घेवन ये."

दिवसभर मी तेच बोलणं मनात घोळवतोय. आयुष्यभर त्यांनी लोकांना वाढलं. त्यांना बसवून कुणी वाढलं असेल का, मला माहीत नाही. म्हणून तुम्हा सगळ्या गावकऱ्यांसमोर लिहून ठेवतो. ती नोट मी मोडलेली नाही, ती त्यांच्या तिकिटासाठी आहे. गुडघे जरा बरे झाले की मी स्वतः सोलापूरला जाऊन त्यांना घेऊन येईन. समुद्र दाखवीन. आमच्या पडवीत खुर्ची-टेबल मांडून बांगड्याचं तिकलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी मी माझ्या हातानं वाढीन, मऊ का कडक असं विचारून. जेवण झालं की बडीशेप ठेवीन आणि पाठ फिरवून उभा राहीन.

पण कान मागे ठेवीन. भांड्याचा जरा जरी आवाज आला तरी वळेन. ताट मी त्यांना उचलू देणार नाही.