जर्मनचा पाय

आमच्याकडे ॲल्युमिनिअमला जर्मन म्हणतात. जर्मनचा गंज म्हणजे पातेलं, जर्मनचं झाकण, जर्मनचा डबा. जर्मनचा पाय मात्र मी सत्तरच्या दशकात पहिल्यांदा पाहिला, आणि पाहिल्यावर तो मोडून दाखवल्याशिवाय मला काही राहवलं नाही.

पाय ज्याचा, तो किन्हीराजात आमच्या घरामागे राहायचा. वाशीमला कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. तिथल्याच मशीनच्या पट्ट्याने त्याचा पाय गुडघ्याखालून नेला. शेठ दवाखान्यात भेटायला आले आणि चार लोकांसमोर म्हणाले, "दोन पायांवर चालत ये, फाटकावर चौकीदार म्हणून बसवतो." टकल्याला फणी कबूल करावी, तसलं ते दान. त्यात शेठचं जायचं काय होतं?

पण गडी कुठे कुठे हिंडला आणि खरंच पाय घेऊन आला. गुडघ्याखाली जर्मनच्या पत्र्याची पोकळ नळी, तळाला रबराचं पाऊल. एसटीतून उतरला तेव्हा कोणीतरी विचारलंच, "काहून बे, याच्यात दूध आणता येते काय?"

"येते ना. तुह्या घरची म्हैस पाठव."

त्या वेळी मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला दुसऱ्यांदा नापास होऊन घरी बसलो होतो. गाव मला 'इंजिनेर' म्हणायचं. पास झालेल्याला कोणी म्हणत नाही. धातूंबद्दल मात्र मी अधिकाराने बोलायचो, कारण कॉलेजच्या प्रयोगशाळेत ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या मी स्वतःच्या हाताने ताणल्या होत्या. धातूलाही रव्यासारखा दाणा असतो. बारीक दाण्याच्या धातूत भेग सरळ पळू शकत नाही. भरल्या पंगतीतून वाट काढणाऱ्या माणसासारखी दर पानाशी अडखळते. मशीन सावकाश ओढायचं, पट्टी लांबायची, कमरेत बारीक व्हायची, आणि पुष्कळ छळल्यावर कुठे तुटायची. मला वाटलं, झालं, ॲल्युमिनिअम कळलं.

त्यापुढचा धडा झटक्याचा होता. एकदम आदळलं की धातूला सावकाश पसरायची फुरसत मिळत नाही. जिथे अंग आधीच थकलेलं असेल, तिथे सगळा मार गोळा होतो. तो धडा मी ऑप्शनला टाकला होता.

तर एसटीच्या पायरीवर आपटून त्या नळीला पोचा आला होता. शेठसमोर पोचा पडलेला पाय घेऊन जायचं त्याला नको होतं. "इंजिनेर, एवढं काढून दे ना मले." मी आईचा वरवंटा त्या नळीत घातला आणि वरून हातोडीने ठोकत बसलो. जसा ठोकावा तसा पत्रा ताठ व्हायचा. मी म्हणालो, "पाह्य दादा, मजबूत होऊन राह्यला!" खरं म्हणजे त्याच्या अंगात जी काय लवचिकता उरली होती, ती मीच ठोकून संपवत होतो. शेवटी राखेने घासून असा चकचकीत केला, की गड्याने स्वतःच्याच नडगीत पाहून मिशी सारखी केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिनिंगमध्ये गेलो. फाटकापासून शेठच्या गादीपर्यंत तो काठीशिवाय चालत गेला. शेठचं तोंड पडलं. मग म्हणाले, "चालतो तं तू. पण चोर भिंतीवरून उडी मारते. तू काय त्याले टाटा करशीन?"

हमाल फिदीफिदी हसले. हा शांतपणे म्हणाला, "शेठ, चालत ये म्हणले होते तुमी. उडीचं बोलणं नव्हतं."

नोकरी त्याच्या हातात आली होती, मी फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं. पण विद्या उतू जात होती ना!

"उडीबी मारते, शेठ! बारीक दाण्याचा माल हाये. मी ताणून पाह्यला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "खरंच काय रे?"

"मार दादा, बिनघोर मार."

हमालांनी हात देऊन त्याला रुईच्या गाठीवर, दाबून बांधलेल्या कापसाच्या गठ्ठ्यावर, चढवलं. त्याने उडी मारली. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. पाय वाकला नाही, चेपला नाही; माझी हातोडी जिथे जिथे पडली होती, तिथून फाटला. गडी फरशीवर बसला होता आणि जर्मनचं टोक उलटं फिरून त्याच्याच छातीकडे रोखलेलं होतं. आधी हमाल हसले, मग शेठ. मग भीतीने माझंही तोंड हसलं; ते त्याने पाहिलं.

शेठ वाकून भेग न्याहाळून म्हणाले, "दोन पायांवर ये, म्हणलो होतो. आता जाय कसा जाशीन तसा." मग माझ्याकडे वळले. "तुह्ये दोनी सलामत हायेत ना? नोकरी हाये काय कुठं?"

"नाही जी."

"मंग उद्यापासून तूच बस फाटकावर."

तुटका पाय माझ्याच काखेत होता. मी म्हणालो, "बरं जी."

पुढे दर बाजाराच्या दिवशी तो कुबडीवर फाटकाशी यायचा आणि आत हाक मारायचा, "शेठ, चोर आला तं हा उडी मारते काय, पाह्यलं काय तुमी?" शेठला करमणूक हवीच असायची. ते मला गाठीवर चढवायचे. मी उडी मारायचो, हमाल हसायचे. तो मात्र हसत नसे. मान तिरकी करून, कान माझ्या नडगीकडे लावून, तो त्या आवाजाची वाट पाहत असे. माझा दाणा बारीक निघाला. दर वेळी मी धडधाकट उभा राहिलो की त्याचं तोंड पडायचं, आणि कुबडी वळवून तो एसटी स्टँडकडे निघून जायचा.