मामाच्या पायाचे छत्तीस रंगीत फोटो

मी मामाच्या तुटक्या पायाची मापं फोटोसारखी जेपीजी फाइलीत सेव्ह केली. बस, एवढंच केलं.

हे वाचून ज्यांना काहीच वाटलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डेप्थ कॅमेरा समोरच्या वस्तूचा एकेक ठिपका कॅमेऱ्यापासून किती मिलिमीटर लांब आहे ते मोजतो. त्याचं चित्र म्हणजे खरं तर आकड्यांचा ढीग. तो माणसाला बघता यावा म्हणून पडद्यावर रंग देतात, जवळचं लाल, लांबचं निळं. मी लिहिलेल्या प्रोग्रामचं सेव्हचं बटण आकडे टाकून देऊन नुसते रंग ठेवत होतं. रस ओतून द्यावा आणि साल जपून ठेवावं, तसं.

मामा केनवडचा. सोयाबीन काढताना थ्रेशरच्या पट्ट्यात पाय गेला, गुडघ्याखाली वीतभर उरला. वाशीमला कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका वर्कशॉपात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. तिथले मिस्त्री पायाला प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून माप घेत. मी त्यांना चारचौघांत म्हटलं होतं, "काका, तुमचे प्लास्टरचे दिवस संपले आता." माझा प्रोग्राम पहिल्यांदा वापरला तो मामावर.

मामाला काही बाजारात मिरवायचं नव्हतं. मामी गेलेली, मुलगा दिवसभर रिसोडच्या धान्याच्या मोंढ्यात, घरात सून एकटी. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी, ताट वाढून दाराआड उभी राहणारी. तिच्या खांद्यावर हात टाकून मामाला रोज सकाळी संडासला जावं लागे. अंगण पार होईपर्यंत दोघं दोन दिशांना बघत. मामा मला म्हणाला, "भाचेबुवा, मले फक्त एवढं आंगन एकट्यानं पार करू दे. बाकीची जिंदगी बसून काढतो."

त्याला बैठकीत बसवून, पाय स्टुलावर ठेवून, मी भोवती फिरत छत्तीस चित्रं टिपली.

"मामा, हालू नको."

"हालनारा होता तो गेला ना बाप्पा."

पडद्यावरचा लालभडक पाय बघून तो खूश. "मिरचीवानी दिसून राह्यला!" मी त्यातला एक छापून, लॅमिनेट करून आणून दिला. मामानं तो मामीच्या हार घातलेल्या फोटोशेजारी लावला.

वाशीमला मिस्त्रींनी आकडे मागितले. फाइली उघडल्या, तर आकडे नाहीतच. केनवड काही परदेशात नव्हतं, दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा टिपता आलं असतं. पण मग प्लास्टरचे दिवस परत आले असते ना! मी म्हटलं, "आहेत की काका," आणि दोन दिवस बसून रंगांवरून आकडे पाडले. माझाच प्रोग्राम प्रत्येक चित्रातला सगळ्यांत जवळचा ठिपका लाल करायचा, मग तो चाळीस सेंटिमीटरवर असो की साठ, हे मला आठवलंसुद्धा नाही. जिथं जुळेना तिथं अंदाजानं घासून गुळगुळीत केलं. पडद्यावर फार देखणा पाय तयार झाला.

त्यावरून उरलेला पाय ज्यात बसतो ती खोळ बनली. मिस्त्रींनी ती मामाला चढवली, कडेनं बोट घालून पाहिलं. कपाळाला आठी. "दादा, कुठं टोचते काय?"

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी हसून अंगठा दाखवला.

"नाही जी. भाच्यानं बनोली. एकदम मस्त हाय."

आठ दिवस मामा एकटा अंगण पार करून गेला आणि आला. नवव्या दिवशी खोळीच्या आत घालायचा मोजा धुताना सुनेला रक्त दिसलं. हाडावरची कातडी सोलून आत पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, जखम भरेपर्यंत पायात काही घालायचं नाही, आणि चिघळली तर गुडघाही जाईल.

मी लॅपटॉप घेऊन केनवडला धावलो. मामा खाटेवर होता. मी म्हटलं, "मामा, प्रोग्राम दुरुस्त केला. आता आकडे जसेच्या तसे सेव्ह होतात."

"मले तं पयल्याच दिवशी समजलं होतं, टोचते म्हनून," मामा म्हणाला. "म्हटलं, सांगतलं तं पोरगं चार लोकाइत तोंडावर पडन."

तेवढ्यात त्याला उठायची वेळ झाली. सून आली, पदर कमरेला खोचला, त्याचा हात खांद्यावर घेतला. जाता जाता तिनं भिंतीवरचा तो लाल पाय काढला आणि माझ्या लॅपटॉपवर ठेवला. सासऱ्यादेखत ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

"भाऊजी, तुमी लग्नाचे फोटो काढत जा. त्याच्यानं कोनाचं रक्त तं नाही निघत."